हलणाऱ्या पडद्याची फेरसुनावणी

आमच्याकडे रविवारी दुपारी जो हरतो तो भांडी घासतो. सांगायला लाज वाटते, पण गेले कित्येक महिने ती भांडी मीच घासत होते.

कशात हरतो ते आधी सांगते. दादा आणि मी आठवडाभर इंटरनेटवर गाण्यांचे चित्रविचित्र व्हिडिओ हुडकतो. रविवारी दोघंही आईकडे जेवायला जमतो. जेवणं झाली की टीव्हीवर एक त्याचा लावायचा, एक माझा लावायचा, आणि आईने निकाल द्यायचा. नियम कडक आहेत. सगळ्या जगाला पाठ असलेलं गाणं चालणार नाही. दुसऱ्या कोणी पाठवलेलं पुढे ढकलायचं नाही, स्वतः शोधलेलं पाहिजे. आणि कितीही जांभया आल्या तरी शेवटपर्यंत बघायचं.

आई टेलिफोन ऑपरेटर होती. नोकरीभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या लाइनी जोडल्या नि तोडल्या, त्यामुळे निकालही त्याच भाषेत. जिंकणाऱ्याला "जोडते", हरणाऱ्याला "तोडते". अपील नाही, हुज्जत नाही.

आणि आईचा कान म्हणजे काय विचारता! समोरच्याने नुसतं "हॅलो" म्हटलं की तिला कळायचं कोण आहे, जेवलाय की उपाशी आहे, बायकोशी भांडून आलाय का. मी दुकानातून फोन केला की पहिल्या शब्दालाच म्हणायची, "सर्दी झालीये तुला. गरम पाणी पी." मला स्वतःला पत्ता नसायचा. संध्याकाळी शिंका सुरू झाल्या की पटायचं.

दादा बंदरावर क्रेन चालवतो. जहाज धक्क्याला लागेपर्यंत उंच केबिनमध्ये नुसतं बसून राहायचं असतं, तेव्हा हुडकायला त्याला वेळच वेळ. मी पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते, वर गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन पडदे लावूनही देते. मला कुठला आलाय वेळ? तरी मी एकेक रत्न शोधून आणायचे. अंधाऱ्या बोगद्यात एकटा उभा राहून गाणारा माणूस आणला. त्याचाच आवाज भिंतींवरून फिरून येऊन त्याला साथ करत होता. अंगावर काटा आला होता माझ्या. आई म्हणाली, "काळोख आहे नुसता. तोडते." आणि दादाने काय आणलं? सूटबूट घातलेले म्हातारे गळ्याइतक्या पाण्यात उभे राहून बागेला पाणी घालायचे पाइप फुंकतायत! आईने खुर्चीच्या हातावर थाप मारली. "वा! जोडते!"

"आई, तू याला लाडावून ठेवलंयस," मी म्हणायचे.

"हिच्या नाकावर बघ कसा राग," दादा म्हणायचा. "ठिणगी, साबण संपलाय हं, नवीन काढ."

एवढ्यावर भागलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण मग ते पडद्याचं झालं.

आमच्या मालकीणबाई दुकानातल्या मालाचे व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकतात. एकदा मी अशीच माझ्या व्हिडिओच्या शोधात फिरत असताना त्यातलाच एक समोर आला. खिडकी, खिडकीवर निळा पडदा, पडदा हळूहळू हलतोय. बस. पण पडद्यामागून कोणीतरी गातंय. गाणं आमच्या लहानपणी आई घरात म्हणायची त्यातलं. मी ऐकत राहिले, आणि दुसऱ्या ओळीला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं, ही तर मीच! शिडीवर चढून हुक अडकवत होते त्या दिवशी. मालकीणबाई शूटिंग करतायत हे मला कुठे ठाऊक? खाली लोकांनी लिहिलं होतं, "पडद्याचं राहू द्या, गाणारी कोण आहे?" मालकीणबाईंनी सगळ्यांना उत्तर दिलं होतं, "कापड धुतलं तरी रंग जात नाही."

मी हरखून गेले. ठरवलं, हा लावायचा, पण मी आहे असं सांगायचं नाही. आई पहिल्या सुरालाच ओळखेल आणि दादाचं तोंड बघण्यासारखं होईल. त्या रविवारी दोनदा आरशात बघून गेले, म्हणजे बघा.

व्हिडिओ लागला. आई टक लावून बघत होती. संपल्यावर ती म्हणाली, "पडदा हलतोय. पुढे?"

"पुढे काही नाही. एवढंच आहे."

"मग यात बघायचं काय? तोडते."

दादालाही ओळखू आलं नाही, पण त्याचं मला काही नाही. तो गेंडा आहे. आईने ओळखू नये? मी भांडी घासली ती अशी आदळून की एका कपाचा कान तुटला. घरी येऊन रडले. म्हटलं, तिला माझं गाणं आवडत नाही हे एक वेळ चालेल, पण तिला माझा आवाजच आठवत नाही? पुढचे काही रविवार मी कसलेही भिकार व्हिडिओ नेले आणि तोंड फुगवून बसले.

आणि मग एका रविवारी दादाने ती चूक केली.

त्याच्या केबिनमध्ये यंत्रांचा गोंगाट असतो, म्हणून त्याचा फोन कायम कानात घालायच्या त्या दोन बोंडांना जोडलेला असतो. कामावरून उतरलं की जोडणी काढायची, ती हा काढायला विसरला. आईकडे आल्यावर बोंडं जॅकेटच्या खिशात, जॅकेट दाराच्या खुंटीवर. याने फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ लावला. चित्र टीव्हीवर आलं आणि आवाज गेला खुंटीवर, खिशात.

टीव्हीवर एक जाडजूड बाई तोंड उघडून गात होती. मागे एक जण पत्र्याच्या बादल्या बडवत होता. खोलीत चिडीचूप शांतता. मी म्हणणारच होते, "अरे, आवाज कुठे गेला?" तेवढ्यात माझं आईकडे लक्ष गेलं. ती मान डोलावत होती. बादल्या बडवणाऱ्याच्या हातांकडे बघून बोटाने खुर्चीवर बरोबर ठेका धरला होता तिने.

व्हिडिओ संपला. आईने समाधानाने सुस्कारा सोडला. "काय गळा आहे बाईचा! जोडते!"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी दादाकडे पाहिलं. दोघंही एकदम उठून स्वयंपाकघरात गेलो.

"तिला..." दादा कुजबुजला.

"ऐकू येत नाहीये," मी कुजबुजले.

मग आमच्या लक्षात आलं की कुजबुजायची काही गरजच नव्हती, आणि त्यासरशी मला हसू फुटलं आणि लगेच रडूही आलं. एकेक गोष्ट आठवायला लागली. आई हल्ली फोन उचलायची आणि आपणच भराभर बोलून ठेवून द्यायची. "मी बरी आहे, कामात आहे, रविवारी ये." आम्ही यायच्या वेळेला दार आधीच उघडं असायचं. आम्हाला वाटायचं, वाट बघते बिचारी. बिचारी बेल ऐकू येत नाही म्हणून खिडकीत उभी असायची!

"काही बोलू नकोस," दादा म्हणाला. "तिचा कान म्हणजे तिचा जीव आहे. मोडून पडेल ती."

"आणि असंच चालू द्यायचं? उद्या रस्त्यात मागून गाडी आली तर?"

"ठिणगी, हळूहळू घेऊ."

हळूहळू घेणं माझ्या रक्तात नाही. मी ताडताड बाहेर गेले, आईच्या खुर्चीमागे उभी राहिले आणि म्हटलं, "आई, त्या व्हिडिओला आवाजच नव्हता." आई ढिम्म. ती मजेत टीव्हीकडे बघत होती. मी पुढे जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले, तिचे हात धरले आणि तिला ओठ दिसतील असं सावकाश म्हटलं, "आई, आवाजच नव्हता."

तिने हात सोडवून घेतले नाहीत. म्हणाली, "मला वाटलंच होतं कधीतरी पकडाल."

"अगं पण सांगायचंस ना!"

"काय सांगणार? बहिऱ्या पंचाकडे कोण येतं?" ती दादाकडे वळली. "हा बंदरावरून तेवढ्यासाठी धावत येतो. तू तेवढ्यासाठी भांडतेस. ते बंद पडलं की महिन्यातून एकदा याल, चार केळी आणाल, तब्येत विचाराल आणि जाल. मला नको ते."

दादा, एवढा दांडगा माणूस, कोपऱ्यात जाऊन नाक पुसायला लागला. मलाही हुंदका आला होता, पण त्याच वेळी डोक्यात दुसरंच काहीतरी लख्ख झालं. म्हणजे तो पडदा... म्हणजे तिने माझा आवाज नाकारलाच नव्हता! तिच्यापर्यंत तो पोचलाच नव्हता! मी ताडकन उभी राहिले.

"मग माझं अपील आहे!" मी ओरडले. या वेळी थोडंफार तिलाही ऐकू गेलं असावं.

"काय आहे?"

"अपील! इतके महिने मी हरले ते सगळे निकाल खोटे आहेत. तू नुसती चित्रं बघून निकाल दिलेस. मला फेरसुनावणी पाहिजे. एकेक व्हिडिओ परत लावणार. कानाचं मशीन घे आणि बस निकाल द्यायला. एवढी भांडी घासली मी, फुकट?"

दादाने आधी माझ्याकडे डोळे वटारले. मग त्याला कळलं, आणि तोही खेळात शिरला. "अजिबात नाही! झालेले निकाल झाले. आई, मशीनबिशीन काही घ्यायचं नाही. हिला जिंकायला पाहिजे, दुसरं काही नाही."

आई आळीपाळीने आमची तोंडं बघत होती. ती काही दूधखुळी नाही. तिला सगळं कळलं असणार. पण पंचाचा मान राखून विचारलं होतं आम्ही, आणि तिला तेवढंच हवं होतं.

"हिची कटकट थांबावी म्हणून घेते," ती म्हणाली. "माझ्यासाठी नाही."

कान तपासणाऱ्या बाईंनी मशीन बसवताना विचारलं, "आजी, सवय व्हायला वेळ लागेल. कानाला याआधी कधी काही लावलंय?" आईने त्यांना असं काही न्याहाळलं की त्या पुढे बोलल्याच नाहीत. मला मात्र बाहेर येताना दाराच्या कुरकुरण्यावर, माझ्या चपलांच्या फटफटण्यावर, दादाच्या श्वासावर सारखी टिप्पणी ऐकावी लागली. "किती रे घोरतोस जागेपणी?"

आला तो रविवार. आई मशीन लावून, केस विंचरून खुर्चीत बसली. सुरुवात पाण्यातल्या म्हाताऱ्यांपासून केली. पहिला पाइप वाजला आणि आईचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"अरे हे काय? दारात शेपटी सापडलेल्या मांजरासारखं वाजतंय! याला मी जोडलं?"

"जोडलंस की," दादा पडेल आवाजात म्हणाला.

"तोडते! आधी तोडते!"

बादल्यावाल्या बाईचा तर पहिलाच चढा सूर ऐकून आईने मशीनलाच हात घातला. बोगद्यातला माणूस मात्र तिने डोळे मिटून ऐकला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "याला काळोख म्हणाले मी? माझंच चुकलं गं. जोडते." मी दादाला वाकुल्या दाखवल्या. त्याने भांड्यांचा साबण आधीच काढून ठेवला होता.

शेवटी मी पडदा लावला. पुन्हा काही बोलले नाही. निळा पडदा हलला, आवाज सुरू झाला.

आईने हात वर केला. एक्स्चेंजमध्ये महत्त्वाचा कॉल आला की सगळ्यांनी गप्प बसावं म्हणून करायची तसा. तिचं टीव्हीकडे लक्षच नव्हतं. मान एका बाजूला झुकवून ती नुसती ऐकत होती. गाणं संपलं तरी हात वरच होता.

"शिडीवर चढून कशाला गात होतीस?" ती म्हणाली. "पडली असतीस म्हणजे?"

दादा खुर्चीतून अर्धा उठला. "ही? हे ही गातेय?"

"आणि सर्दी झाली होती तुला त्या दिवशी," आई म्हणाली. "वरचा सूर बघ कसा नाकातून गेलाय. तोडते."

"आई!"

"तोडते म्हणजे तोडते. बरी झालीस की परत गा, मग बघू. आज भांडी तुझी." असं म्हणत तिने माझं डोकं ओढून मांडीवर घेतलं आणि केसांतून हात फिरवत राहिली, आणि मी रडून घेतलं. दादा म्हणाला, भांडी तो घासेल. मी म्हटलं, खबरदार, निकाल म्हणजे निकाल.

मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. भांड्यांचा ढीग पडला होता. मी तेच गाणं अगदी हळू, स्वतःपुरतं म्हणायला लागले. नळाच्या आवाजात मला स्वतःलाही धड ऐकू येत नव्हतं.

"आजही घसा बसलाय तुझा!" बाहेरच्या खोलीतून आई ओरडली. "गरम पाणी पी!"