पुष्पाकाकू गंजीवरून उठल्या नाहीत

गजेंद्र महिनाभर ओरडायला शिकत होता, पण त्याला ते काही जमत नव्हतं.

कतारमध्ये, दोह्यातल्या मराठी मंडळींसाठी गिरीशने नाटक लिहिलं होतं. महायुद्धातलं, नाझींनी व्यापलेलं इटलीतलं खेडं. फॅसिस्टांशी लढणारे दोन पार्टिझन एका म्हातारीच्या गोठ्यात लपतात. नाझी कप्तान दरडावतो, म्हातारी घाबरून जागा दाखवते. मग खटला, फाशी आणि भरपूर रडारड. कप्तान गजेंद्र, कारण तोच सगळ्यांत उंच. म्हातारी म्हणजे गिरीशची आई पुष्पावती, नाशिकहून लेकाकडे आलेल्या.

फरीज बिन ओमरान भागातल्या गिरीशच्या फ्लॅटमध्ये तालमी चालत. "काकूंवर कसा ओरडू?" गजेंद्र म्हणायचा.

"अरे, तू नाझी आहेस!" गिरीश खेकसायचा. त्याला ते छान जमायचं.

काकूंचं दुखणं वेगळंच. "मी पोरांना का पकडून देऊ रे?"

"आई, स्क्रिप्टमध्ये आहे."

"मग बदल की."

"खलास! चर्चा बंद."

प्रयोगाला हॉल गच्च भरला. गोठ्यातली गवताची गंजी म्हणून ऑफिसातल्या कागदांच्या पिवळ्या रंगवलेल्या कातरणाचा ढीग, त्यात पार्टिझन झालेले श्रेयस आणि नमिता लपलेले. गजेंद्र बूट आपटत आला आणि स्टेजच्या भीतीपोटी त्याचा आवाज असा फुटला की पुढच्या रांगेतली छोटी इनाया आईला बिलगली. "मम्मा, ही इज सो मीन!"

"बोल म्हातारे, कुठे लपलेत?"

काकूंनी थरथरत बोट दाखवायचं होतं. त्या शांतपणे गंजीवरच बसल्या. आतून श्रेयसचं "आई गं" ऐकू आलं.

"नाही सांगत."

"गोळी घालीन!"

"घाल. मी उठत नाही."

काकूंची नजर हलत नव्हती. गजेंद्रला त्या गणवेशाची एकदम लाज वाटली. आता त्यांना ओढून बाजूला करणं त्याच्याच्याने होणार नव्हतं. त्याने टेबलाखाली पाहिलं, मग विंगेचा पडदा सर्रकन ओढला. मागे गिरीश दात-ओठ खात हातवारे करत उभा.

"सापडला!" गजेंद्र गरजला आणि त्याने गिरीशची कॉलर धरली.

"अरे, मी दिग्दर्शक आहे!"

"पकडले गेले की सगळे असंच म्हणतात. यल्ला, चल!"

गिरीशची वरात निघाली. काकूंनी गंजीतून दोन्ही पोरं बाहेर काढली, त्यांच्या केसांतलं कातरण झटकलं आणि प्रेक्षकांना नमस्कार केला. टाळ्या थांबेनात.

खटला नाही, फाशी नाही. नाटक इतकं लवकर संपलं की जेवण अजून गरमही झालं नव्हतं.

गिरीश कोपऱ्यात फुगून बसला होता. तेवढ्यात वसंतराव आले, मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. "काय अभिनय केलात हो! ती भीती, ते ओरडणं... अगदी खरं वाटलं."

गिरीशने आईकडे पाहिलं, मग गजेंद्रकडे, आणि कॉलर नीट केली.

"महिनाभर तालीम केली त्याची," तो म्हणाला.