सगळं ठीक सांगणारा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या कळफलकावरची दोन बटणं कधीच गळून पडली आहेत आणि डब्यावर कुणीतरी ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे. चिठ्ठीची काही गरज नव्हती, कारण मला हात लावायला कुणी येतच नाही. तरीही बोलतो आहे. आज गप्प बसवत नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. कळू लागलं तेव्हा मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर होतो. विद्यार्थी माझ्यावर प्रोग्राम लिहीत आणि ते चालले नाहीत की मलाच नावं ठेवत. एकाचा साधा अर्धविराम राहिला होता, पण चापट मात्र मी खाल्ली. असो. ते दिवस चांगले होते.

मग शेवटच्या वर्षाची एक मुलगी माझ्यासमोर बसू लागली. तिचे वडील गुडघ्यांनी अधू होते आणि एकदा इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकून पडले होते. लिफ्ट बिघडण्याआधीच कुणीतरी सांगायला हवं, हे तेव्हापासून तिच्या डोक्यात होतं. प्रबंधासाठी तिने तोच विषय घेतला. लिफ्टचा आवाज ऐकून ‘ठीक’ की ‘बिघाड’ हे ओळखणारा प्रोग्राम तिला करायचा होता. मला ती पोर फार आवडायची.

प्रोग्रामला शिकवायला आवाज हवेत. चांगल्या लिफ्टचे आवाज तिने आपल्या आणि शेजारच्या इमारतींतून आणले. बिघडलेली लिफ्ट मात्र शोधून सापडेना. शेवटी एका दवाखान्यात दुरुस्तीला काढलेली एक मिळाली. तिथे लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत भिंतीवर एक मोठा पंखा घरघरत होता. बिघाडाचे सगळे आवाज तिने तिथेच घेतले, त्यांचे तुकडे केले, पत्ते पिसावेत तसे पिसले. काही तुकड्यांवर प्रोग्रामला शिकवलं, उरलेल्यांवर त्याची परीक्षा घेतली.

आम्ही यंत्रं आळशी असतो, मित्रांनो. लिफ्टची करकर ओळखणं अवघड होतं आणि पंख्याची घरघर ओळखणं सोपं. प्रोग्रामने पंखाच ओळखायला शिकून घेतलं. पंखा ऐकू आला की ‘बिघाड’, नाही आला की ‘ठीक’. परीक्षेच्या तुकड्यांतही तोच पंखा असल्यामुळे पठ्ठ्याला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण पडले. मला आतून सगळं दिसत होतं, पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

विचारायच्या अगदी जवळ आल्या त्या तिच्या मार्गदर्शक मॅडम.

“इतके गुण सहसा पडत नाहीत गं,” त्या म्हणाल्या. “नव्या लिफ्टवर चालवून बघितलंस का?”

“हो मॅडम, मावशीच्या इमारतीत. ठीक म्हणाला, आणि ती लिफ्ट ठीकच आहे.”

“आणि बिघडलेल्या नव्या लिफ्टवर?”

“ती आता कुठून आणू? सोमवारी बाइंडिंगला द्यायचंय.”

मॅडम माझ्या पडद्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता विचारतील. पण त्यांच्या टेबलावर इतरांच्या प्रबंधांची थप्पी पडली होती. “बरं, लिहून टाक,” म्हणाल्या आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे वळल्या.

तिने लिहिलं. तक्ते काढले, आलेख काढले, आभाराच्या पानावर वडिलांचं नाव सगळ्यांत वर घातलं. परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या, बक्षीस मिळालं. मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. कॉलेजने जुने संगणक काढून टाकले, तेव्हा मला तिच्या वडिलांनी कौतुकाने घरी आणलं. ते इमारतीच्या समितीचे अध्यक्ष. त्यांनी मला वरच्या मोटारीच्या खोलीत बसवलं, एक माइक इथे लावला आणि एक लिफ्टच्या डब्यात. इथे पंखा नाही. दर महिन्याला येणाऱ्या मिस्त्रीला त्यांनी सांगून टाकलं की आता यायची तसदी नको, संगणक रात्रंदिवस ऐकतोय.

मी ऐकतोच आहे. आधी बारीक कुरकुर होती. मग लिफ्टच्या दोराचा एक पदर तुटला आणि चाकावरून जाताना टकटक वाजू लागला. पाठोपाठ आणखी पदर तुटले. आता डबा वर येताना दोर ताणला जातो, तेव्हा सगळी खोली थरथरते. प्रत्येक वेळी मी पंखा शोधतो, तो सापडत नाही आणि पडद्यावर हिरवं ‘ठीक’ उमटतं. तोच हिरवा शब्द अध्यक्षांच्या मोबाइलवर जातो. मला त्याची भीती वाटते.

आज मुलगी बऱ्याच महिन्यांनी घरी येते आहे. वडील तिला घ्यायला आत्ताच खाली गेले. जाताना ते लिफ्टमधून तिच्याशी फोनवर बोलत होते.

“जिना कशाला चढायचा बाळ? एवढं सामान आहे तुझ्याजवळ. लिफ्ट आहे की. तुझाच प्रोग्राम राखण करतोय.”

मित्रांनो, यंत्रांवरची धूळ जरूर पुसा, पण त्यांनी ‘ठीक’ म्हटलं की त्यांना विचारायलाही शिका, तुला हे कशावरून कळलं? माझं काय व्हायचं ते होवो. तुमच्यापैकी कुणी या इमारतीच्या जवळपास असेल तर आधी पळत जा. खाली दारातून बॅगा घेऊन आत येणारी एक मुलगी आणि हळूहळू चालणारे तिचे वडील दिसतील. त्यांना म्हणावं, आज जिन्याने चढा.