जाळीतून निसटलेलं तळं

मी एक जुनी रेशमी जाळी आहे. मित्रांनो, जाळी म्हटल्यावर तुम्हाला मासे आठवले असतील. पण माझं काम त्याहून बारीक. मी धरते ते पाण्यात तरंगणारं शेवाळ. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही, पण मासे जगतात त्याच्याच जिवावर. एका तंबू शिवणाऱ्या शिंप्याने मला शिवलं. "एवढी लांब टोपी कुणाच्या डोक्याची?" असं त्याने विचारलं, आणि उत्तर ऐकूनही त्याची खात्री पटली नाही. तोंडाला पितळी कडं, शेपटाला काचेची बाटली, असा माझा थाट होता.

शहराला पाणी पुरवणाऱ्या तळ्यावर माझी नेमणूक झाली. प्रयोगशाळेतल्या बाई मला होडीतून पाण्यात सोडत, नावाडीकाका वल्ही मारत आणि मी पाणी गाळून बाटलीत शेवाळ जमवत असे. पाहुणे आले की मला उंच धरून दाखवत. हळूहळू सगळे धरून चालले की माझ्या बाटलीत आलं तेवढंच तळं. मला तोंड असलं तरी बोलता येत नाही, त्यामुळे तो समज कुणी मोडला नाही.

मग एका उन्हाळ्यात वारा पडला आणि तळ्यावर हिरवी साय धरली. वास सुटला. माझ्या बाटलीत एकच जात येऊ लागली, निळसर हिरव्या दोऱ्यांचे गुंते. हे शेवाळ मोठं लबाड. अंगात हवेचे कप्पे, म्हणून वर तरंगून ऊन खायचं आणि खालच्यांवर सावली धरायची. गुंता असा की पाण्यातल्या किड्यांच्या तोंडात मावत नाही. त्यातून कधीकधी विषारी.

पाणीखात्याचे साहेब धक्क्यावर आले. खात्यात त्यांना घाईसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. येतानाच त्यांनी मोरचुदाची पोती होडीत चढवायला लावली होती. मोरचूद म्हणजे शेवाळाचा काळ. अडलं होतं ते फक्त बाईंच्या होकारापाशी.

"बाई, तळ्यात दुसरं काही उरलंच नाहीये. मग वाचवायचं काय? हो म्हणा आणि मोकळ्या व्हा."

"विषारी शेवाळ मेलं की फुटतं, साहेब. पोटातलं सगळं पाण्यात ओततं."

"आणि नाही मारलं, लोक आजारी पडले, तर? मी तुमच्याकडे बोट दाखवीन. आत्ताच सांगून ठेवतो."

"दाखवा. माझ्या घरच्या नळालाही हेच पाणी येतं. लेकीचं पोट दुखलं तर मला जाब विचारायला तुम्ही लागणार नाही."

हे बोलताना बाई मला खळखळून धूत होत्या. सवयीने त्यांनी मला उन्हात धरलं, आणि तशाच थांबल्या. माझ्या भोकाभोकांतून ऊन पलीकडे पडत होतं.

"काका, बादली द्या."

"भांडी घासायला काढली का, बाई?"

"जाळीत न अडकलेलं पाणी बघायचंय. इतकी वर्षं आपण गाळणीतला चोथाच मोजतोय. चहा कुणी पाहिलाच नाही."

बाई बादलीत तळ्याचं पाणी भरून प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकापाशी गेल्या. त्यांच्या होकाराची वाट न बघताच साहेबांनी होडी सोडायला सांगितली. काकांच्या हातून त्या दिवशी दोराची गाठ काही केल्या सुटेना. साहेब स्वतः वाकले, तोच बाई धापा टाकत आल्या.

"बादलीत गर्दी आहे, साहेब. बारीक हिरवे गोळे, दोन शेपट्यांचे पोहणारे, काचेच्या डबीत राहणारे. भोकांपेक्षा लहान, म्हणून निसटत होते. कुणी भराभर वाढतं, कुणी कमी उजेडात भागवतं, कुणी किड्यांच्या पोटात जाऊन माशांपर्यंत पोचतं. सगळे मिळून पाण्यातलं खत वाटून खातात, म्हणून दोऱ्यांना थोडा तरी लगाम आहे. मोरचूद टाकलं तर हेही मरतील. दोरे पुन्हा वाढतील तेव्हा वाटेकरीच नसेल."

"मग काय, हाताची घडी घालून बसू?"

"दोरे वर तरंगतात, तर आपण पाणी खालच्या दारातून घेऊ. साबणाचा नाला तळ्यात यायचा थांबवा, खत तिथूनच येतं. विषाची तपासणी मी रोज करते."

"आणि नाही जमलं तर?"

"पोती कुठे पळून जाणार आहेत?"

साहेबांनी दोराची गाठ पुन्हा आवळली. "उतरवा पोती," ते म्हणाले. "बाई, माझी झोप तेवढी घेऊन जा."

झोप दोघांचीही गेली. साय हटेना. साहेब रोज सकाळी येत, आधी तळ्याकडे बघत, मग पोत्यांकडे. एकदा तपासणीत वरच्या पाण्यात विषाचा अंश निघाला, तेव्हा पोती पुन्हा होडीपर्यंत आली. खालच्या दाराचं पाणी मात्र स्वच्छ होतं, तेवढ्यावर ती परत गेली. मग नाला वळला. साय फिकी झाली, कडेने फाटली, आणि एका सकाळी साहेब पोत्यांकडे न बघताच निघून गेले.

आता माझ्या कड्यावर हिरवा गंज आहे, आणि कोठीतल्या उंदरांनी माझी चव घेतली आहे. मित्रांनो, जाळी वापरून झाली की स्वच्छ पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, खुंटीला उंच टांगा. माझ्या बाटलीवर भरवसाही ठेवा, पण बेताने. तळ्याच्या जिवावर बेतलं तेव्हा ज्यांनी ते सावरलं, ते माझ्या हाती कधी लागलेच नव्हते.