अकरावी खुंटी

नवे प्रमुखसाहेब आल्यापासून तीन वर्षांत मोठ्या तोफेची अचूकता दुपटीने सुधारली होती, आणि तोफेला कुणी बोटही लावले नव्हते. तीच नळी, तोच दारूगोळा, तेच तोफची. सुधारणा झाली होती ती कागदावर. तिच्याबद्दल साहेबांना मानचिन्ह मिळाले होते आणि ते त्यांनी टेबलावर अशा जागी ठेवले होते, की आल्यागेल्याचा हात त्याला लागलाच पाहिजे.

फीतकाका मात्र त्या मानचिन्हाला वळसा घालून जायचे. चाचणी मैदानावर सव्वीस वर्षे ते मोजणीदार होते. तोफ अकरा किलोमीटरवरून दहा गोळे टाकायची. दहाही पडले, बावटा खाली आला, की काका दोन मजुरांना घेऊन निघायचे, प्रत्येक खड्ड्याच्या मध्यावर लाल टोकाची, नंबर घातलेली खुंटी ठोकायचे आणि लक्ष्यापासूनचे अंतर फितीने मोजायचे. फितीशिवाय त्यांना कुणी पाहिलेच नव्हते, म्हणून हे नाव.

साहेबांची युक्ती अगदी सोपी होती. दहांपैकी सर्वांत लांबचे दोन खड्डे ‘अपवाद’ म्हणून गाळायचे. "काका, एखाददुसरा गोळा भरकटणारच," ते पहिल्याच महिन्यात म्हणाले होते, "त्या दोघांपायी बाकीच्या आठ जणांची बदनामी कशाला?"

म्हणे बदनामी! गोळे काय साहेबांचे जावई लागत होते? आठ गोळे लक्ष्याच्या सत्तर मीटरच्या आत पडायचे, हे खरे. पण नळी झिजलेली, त्यामुळे उरलेले दोन चारशे-साडेचारशे मीटर पलीकडे जायचे आणि जीप मावेल एवढा खड्डा करायचे. कागदावर मात्र ते पडलेलेच नसत. जड मशिनगनची तीच तऱ्हा. गोळ्यांचा पट्टा सुटला की पहिल्या चार गोळ्या फलकावर बसायच्या, मग नळी उसळायची आणि पुढच्या सगळ्या डोक्यावरून निघून जायच्या, पाच-सहा किलोमीटर. साहेब पहिल्या चारच मोजायचे. आंधळ्याने हत्ती निदान चाचपून तरी पाहिला होता, यांनी तेवढीही तसदी घेतली नव्हती.

एका शुक्रवारी परिपत्रक निघाले. ‘तोफेच्या सुधारलेल्या अचूकतेमुळे’ मैदानामागच्या रस्त्यावरचे फाटक यापुढे गोळाबाराच्या वेळी बंद होणार नव्हते. रस्ता लक्ष्यामागे सहाशे मीटरवरून जायचा. आतापर्यंत गोळाबार संपेपर्यंत सगळी वाहने फाटकाशी ताटकळायची. साहेबही. त्यांना रोज साडेदहाला वसाहतीतल्या दुसऱ्या कचेरीत जायचे असायचे, आणि दूधवाल्याच्या टेम्पोमागे अर्धा तास उभे राहणे त्यांच्या शानेला शोभत नव्हते. परिपत्रकाचे खरे कारण हेच होते.

दहा चाळीसला त्या रस्त्यावरून वसाहतीची बस जायची. बसमध्ये चाळीस माणसे असायची. त्यांच्यात काकांची सून होती, वसाहतीच्या शाळेतली शिक्षिका.

काका परिपत्रक घेऊन तडक साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, गोळा साडेचारशे मीटर पलीकडे पडतो. त्याच्या कपच्या आणखी तीनशे मीटर उडतात. रस्ता सहाशेवर आहे. हिशेब शाळकरी पोराला जमेल."

"कुठला गोळा?" साहेबांनी नोंदवही पुढे ओढली. "तीन वर्षांत सत्तरच्या बाहेर एकही नाही. प्रत्येक पानाखाली सही कुणाची आहे, वाचा बघू."

काकांना वाचायची गरज नव्हती. सही त्यांचीच होती, सुबक, टोकाला वेलांटी घेतलेली. ते मान खाली घालून बाहेर आले आणि पायऱ्या उतरताना त्यांनी साहेबांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्यांतल्या निम्म्या स्वतःलाच दिल्या.

संध्याकाळी सून स्वयंपाकघरातल्या टेबलावर वह्या तपासत होती. मुलगा परगावी नोकरीला, त्यामुळे घरात हे दोघेच. काकांनी तिला सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाले, "पोरी, तू सोमवारपासून लांबच्या रस्त्याने जा."

"आणि बाकीच्या एकोणचाळीस जणांनी?" तिने लाल पेन खाली ठेवले. "बाबा, एखाद्या मुलानं दहा गणितं सोडवली आणि चुकलेली दोन खोडून टाकली, तर मी त्याला पैकीच्या पैकी देते का?"

"नाही देत."

"मग तुम्ही कसे दिलेत?"

काकांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा आहे हे कळूनही तोंडाला लावला.

सोमवारी ते मैदानाच्या कडेच्या निरीक्षणकोठीत दुर्बीण घेऊन बसले. साडेदहाला पहिला गोळा पडला. दहा चाळीसला बस उघड्या फाटकातून आली, लक्ष्यामागून गेली, आणि ती नजरेआड होईपर्यंत काकांनी श्वास घेतला की नाही कोण जाणे. ती गेल्यावर सहा मिनिटांनी नववा गोळा पडला, चारशे चाळीस मीटर पलीकडे.

दुर्बीण फिरवताना त्यांना साहेबांची गाडी दिसली. ती फाटकातून ऐटीत आत आली होती आणि पहिल्या टेकाडाच्या आडोशाला उभी होती. साहेब खाली उतरून चाकाकडे बघत होते. चाकाला काहीही झालेले नव्हते. मग ते घड्याळाकडे बघत होते, मग पुन्हा चाकाकडे. गोळाबाराचे वेळापत्रक त्यांच्याच सहीने निघायचे. दहावा गोळा पडला, बावटा उतरला, आणि चाक आपोआप दुरुस्त झाले.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," काका कोठीत मोठ्याने म्हणाले. तिरस्कारानेही पोट भरते असे कुणी म्हटले असते, तर त्या दिवशी त्यांना पटले असते.

मंगळवारीही तेच. तीच जागा, तेच चाक. दुपारी काकांनी तिथे जाऊन दोन्ही दिवसांचे टायरचे ठसे पाहिले आणि लक्ष्यापासूनचे अंतर मोजून घेतले, सवयीने.

त्या संध्याकाळी सून घरी आली आणि पर्समधून रुमालात गुंडाळलेले काहीतरी काढून तिने टेबलावर ठेवले. सुपारीएवढा काळा, धारदार तुकडा.

"आज टपावर टण्णकन वाजलं. ड्रायव्हरला वाटलं दगड आहे. वर चढून बघितलं तर हा. पत्र्यात रुतला होता. माझ्या सीटच्या वर."

काकांनी तो उचलला. असे तुकडे त्यांनी पोत्यांनी पाहिले होते, पण घरात कधी पाहिला नव्हता. रागाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ते उठले, फीत, हातोडा आणि अकरा नंबरची एक खुंटी घेतली आणि बसड्रायव्हरच्या घरी गेले.

ड्रायव्हर जेवायला बसला होता. "फीतकाका, मलाही जीव प्यारा आहे," तो म्हणाला. "पण फाटक उघडं असताना मी थांबणारा कोण? उशीर झाला की माझी नोकरी जाईल. साहेबांना कोण विचारणार?"

"साहेब स्वतःच थांबतात."

"काय सांगता! कुठे?"

"उद्या टेकाडाशी रस्त्याच्या कडेला लाल टोकाची खुंटी दिसेल. तिथे."

ड्रायव्हरचा घास हातातच राहिला आणि मग तो हसायला लागला. "मग झालं की. साहेब थांबतात तिथे मी थांबलो, तर मला कोण बोलणार?"

बुधवारी काकांनी कोठीतून पाहिले. साहेबांची गाडी खुंटीशी उभी राहिली. दहा चाळीसला बस आली आणि गाडीच्या मागे उभी राहिली. बसमागे दूधवाल्याचा टेम्पो, त्याच्यामागे दोन सायकली. साहेब गाडीबाहेर आले आणि हात हलवून बसला पुढे जायला सांगू लागले. चाळीस माणसांना! स्वतः टेकाडाआड उभे राहून!

पुढे काय झाले ते काकांना संध्याकाळी सुनेकडून कळले. ड्रायव्हरने खिडकीतून डोके बाहेर काढून अगदी अदबीने म्हटले होते, "आधी आपण, साहेब. आम्ही आपल्या मागून येतो." साहेब पुढे बघत राहिले, मागे बघत राहिले, मग गाडीत जाऊन बसले आणि काच वर केली. तेवढ्यात गोळा पडला आणि बसमधल्या सगळ्यांनी पाहिले, की गाडीतले डोके खाली गेले.

गुरुवारी, शुक्रवारी तसेच झाले. काका रोज दुपारी जाऊन ठशांचे अंतर मोजत होते. साहेबांना ना पुढे जाता येत होते, ना मागे वळता.

शनिवारी नोंदवही वरच्या कार्यालयात जायची. काकांनी ती साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवली. आठवड्याचे पान होते. दहा ओळींत रोजचे दहाही खड्डे लिहिलेले, चारशे चाळीसवालाही, एकही न गाळता. त्यांच्याखाली अकरावी नोंद होती: ‘प्रमुखांची गाडी, गोळाबार चालू असताना उभी. सोमवार ते शुक्रवार, लक्ष्यापासून १४१०, १४१२, १४११, १४१०, १४११ मीटर.’

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. पानांवर छापील क्रमांक होते, पान फाडायची सोय नव्हती.

"पाच वेळांत फरक दोन मीटरचा," काका म्हणाले. "सव्वीस वर्षांत इतकं अचूक काही या मैदानावर मोजलं नाही. यातले दोन गाळू का, साहेब?"

साहेबांनी मानचिन्ह उगाच थोडे बाजूला सरकवले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "सोमवारपासून फाटक बंद ठेवायला सांगा. ती नोंद मात्र..."

"फाटकाचं लेखी द्या. नोंद राहील. खाली माझी सही आहे."

काका घरी आले ते जवळजवळ शीळ घालत. सुनेला त्यांनी सगळे साग्रसंगीत सांगितले, साहेबांचा आवाज काढून दाखवला. ती पोट धरून हसली. मग वह्या पुढे ओढता ओढता सहज म्हणाली, "आणि मागच्या तीन वर्षांचं हो? ते आकडे कुठे गेले?"

ते आकडे केव्हाच छापून तसल्याच तोफांबरोबर आघाडीवर गेले होते. कुठेतरी कुणीतरी त्यांच्यावर विसंबून आपल्याच माणसांच्या डोक्यांवरून गोळे टाकत होता, आणि सत्तर मीटरच्या पुढे धोका नाही असे त्यांना सांगत होता. त्या कागदांवर साहेबांचे मानचिन्ह नव्हते. त्यांच्यावर टोकाला वेलांटी घेतलेली सही होती.

 सुनेने तो काळा तुकडा तपासलेल्या वहीवर ठेवला, पाने उडू नयेत म्हणून, आणि पुढची वही उघडली.