झेंडूच्या माळेखालची वीस मिनिटे

मित्रांनो, मी एक जुना आणि स्वभावानेच भित्रा सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे इतरांची कामे आपल्या पोटात सांभाळणारा संगणक. लातूरच्या एका अक्षरजुळणीच्या कार्यालयात, जिन्याजवळच्या कोपऱ्यात, चार विटांवर माझी बैठक आहे. माझा पंखा जोरात फिरतो, म्हणून लोक मला तापट समजतात. खरे तर ती धाकधूक असते.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. उमेदीची सात वर्षे मी नांदेडच्या एका कार्यालयात काढली. थंडगार खोली होती, आणि आत येणारा प्रत्येक जण चपला बाहेर काढायचा. मग नवे यंत्र आले, आणि मला पोत्यात घालून भंगाराच्या दुकानात टाकले. वर कुलरचे पत्रे, खाली सायकलींची चाके, अशा अवस्थेत मी एक अख्खा उन्हाळा काढला.

तिथून मला मंजुश्रीने उचलले. ती या कार्यालयातली संगणकाची जाणकार. कामाला वाघीण, पण 'उद्या करते' म्हणायची खोड फार. तिने माझी धूळ झटकली, माझ्यात लिनक्स ही संगणकप्रणाली बसवली आणि नऊ जणींसाठी नऊ डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची नऊ टेबले, मांडले. नऊ घरांतल्या बाया आपापल्या जुन्यापान्या लॅपटॉपवरून माझ्यात येऊन बसू लागल्या. कोणी देगलूरची, कोणी हिमायतनगरची. पडदा त्यांच्या घरी दिसे, पण पाने, अक्षरे, चित्रे सगळे माझ्याकडे. मी त्यांना कधी पाहिले नाही. तरी बोटांवरून प्रत्येकीला ओळखतो.

किल्लारीची सिंधु सगळ्यांत सावकाश आणि सगळ्यांत नीट टाइप करते. मधेच तिची बोटे थांबतात. तेव्हा ती सासूला, केवळाबाईंना, कुशीवर वळवत असते. केवळाबाईंना अर्धांगवायू आहे. त्यांना एकटे सोडून सिंधुला उंबऱ्याबाहेर पडता येत नाही. हे सारे मला मंजुश्रीच्या फोनवरच्या बोलण्यातून कळले.

मालक आप्पासाहेबांना हे घरबसल्या करायचे काम पटत नव्हते. माणूस समोर खुर्चीत दिसला तरच काम चालले, अशी त्यांची समजूत. शेवटी त्यांनी अट घातली. "दसऱ्याला सकाळी सराव-प्रश्नांचं पुस्तक माझ्या हातात पायजे. आलं तर तुमचं हे चालू द्या. न्हाई आलं तर समद्यांनी रोज लातूरला यायचं."

मंजुश्रीने लगेच होकार दिला. ते पुस्तक टाइप करायचे काम सिंधुकडे होते, आणि रोज लातूरला येणे म्हणजे सिंधुचे काम सुटणेच होते.

आता माझी कमजोरी सांगतो. माझी डिस्क म्हातारी आहे. नऊ जणी एकदम लिहू लागल्या की ती मेटाकुटीला येते. म्हणून मंजुश्रीने युक्ती केली. दिवसभराचे काम मी नुसते स्मरणात ठेवायचे, आणि संध्याकाळी कार्यालय बंद करताना तिने ते डिस्कवर उतरवून घ्यायचे. कामाला वेग आला, तिचे कौतुक झाले. पण माझे स्मरण विजेवर जगते. वीज गेली की पाटी कोरी. काम आपोआप उतरवून घेण्याची सोय ती करणारच होती. उद्या.

अष्टमीला ती दुपारीच सणाच्या तयारीला घरी गेली, आणि काम उतरवून घ्यायचे विसरली. माझा पंखा रात्रभर फिरत राहिला.

नवमीला कार्यालयाला सुटी होती. सिंधुला कुठली सुटी? शेवटची दोन पाने राहिली होती, म्हणून ती सकाळीच येऊन बसली. दोन दिवसांची अठरा पाने माझ्या नुसत्या स्मरणात होती, आणि ती बिचारी समजत होती की सगळे जागच्या जागी आहे.

दहाच्या सुमारास शेषेराव आले. हे इथले सर्वांत जुने शिपाई, माणूस देवभोळा आणि कामाला चोख. खंडेनवमीला त्यांच्या हातून हत्यारांची पूजा होते, आणि एकदा पूजेला बसलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत ते कोणाला हात लावू देत नाहीत. कात्री, कागद कापायची सुरी, सायकलची किल्ली सगळे त्यांनी पाटावर मांडले. मग मला ओल्या फडक्याने पुसायचे होते. शॉक बसू नये म्हणून त्यांनी भिंतीवरचे मुख्य बटण बंद केले.

इंटरनेटचा डबा तत्काळ विझला. मी बॅटरीवर आलो. बॅटरीत फार तर वीस मिनिटांचा दम होता, आणि ती पीं पीं करू लागली.

"दम धर बापा, हळद लावून राहिलो," शेषेराव मला म्हणाले.

सिंधुची बोटे मला कळेनाशी झाली. तिचे पान अर्ध्या वाक्यावर उघडे होते. मला हाक मारता येत नव्हती. मी नुसता पंखा फिरवत राहिलो.

शेषेरावांनी मला झेंडूची माळ घातली. शेवटी खिशातला मोबाइल काढून तोही पाटावर ठेवला आणि त्याला कुंकू लावले, कारण तेही हत्यारच. थोड्याच वेळात तो वाजू लागला. त्यावर मंजुश्रीचे नाव होते. सिंधुने तिला कळवले असणार. शेषेरावांनी फोनकडे पाहिले, त्यालाही हात जोडले, आणि उचलला मात्र नाही. फोन सहा वेळा वाजला. मला त्यांचा भयंकर राग आला आणि गलबलूनही आले. ते आपल्या परीने माझा मानच राखत होते.

अठराव्या मिनिटाला मंजुश्री धापा टाकत आली. कपाळावर विभूती, हाताला कणीक, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. ती थेट बटणाकडे धावली. शेषेराव आडवे आले.

"आज यंत्र चालवायचं न्हाई, मॅडम. पूजेला बसलंय."

मला वाटले, आता ती ओरडेल. पण तिने कणकेचे हात जोडले.

"काका, आत सिंधुताई बसल्यात," ती म्हणाली. "चूक माझी हाय. काल त्यांचं काम मी उतरवून घेतलं न्हाई. ही बॅटरी संपली तर त्यांची दोन दिवसांची पानं जातील, अन् त्यांची नोकरीबी."

शेषेरावांनी वाकून माझ्याकडे पाहिले. "आत माणूस हाय?"

"हाव, काका."

त्यांनी स्वतःच बटण चालू केले. मग माझी माळ उतरवून आपल्या हातात धरली. मंजुश्रीने आज्ञा दिली, माझी म्हातारी डिस्क कण्हत कण्हत लिहू लागली, आणि अठराही पाने उतरली. थोड्या वेळाने सिंधु परत आली आणि तिने अर्धे राहिलेले वाक्य पुरे केले.

दसऱ्याला आप्पासाहेबांनी पुस्तक उलटेपालटे करून पाहिले. पुढचे पुस्तकही किल्लारीलाच पाठवा, एवढेच म्हणाले. मंजुश्रीने ती राहिलेली सोय त्याच दिवशी, सणाच्या साडीतच बसून, करून टाकली.

यंदाच्या खंडेनवमीला शेषेरावांनी पूजा मांडण्याआधी मोबाइल हातात घेतला. त्यांनी एकेक करून नऊ घरी फोन लावले. "कामावरून उठलात का ताई? मग मी बटण बंद करतो." आठ जणी उठल्या होत्या. सिंधुने दहा मिनिटे मागितली. तेव्हा शेषेराव ओले फडके हातात घेऊन माझ्याजवळ जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. इतका मान मला माळ घालूनही कोणी दिला नव्हता.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना हळदकुंकू लावा, आमची धूळ पुसा, आणि आमचे काम उद्यावर टाकू नका. पण बटणाला हात लावण्याआधी एकदा विचारा, आत कोणी बसले आहे का.