मागास दिसण्यासाठी

वालूरच्या पलीकडच्या वाडीला समिती येणार असल्याचा निरोप आला, तेव्हा सरपंच राजेश्रीने मनाशी पक्कं केलं, यंदा गाव निवडीतून सुटता कामा नये. मागास भागासाठीच्या योजनेतून सोयाबीनवर प्रक्रिया करणारं केंद्र मिळणार होतं. ते आलं, तर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना गावातच काम. मागच्या खेपेला साहेबांनी रस्त्याकडेची चार पक्की घरं बघितली, 'गाव बरं दिसतंय' म्हणाले नि गाडीत बसले. केंद्र दुसऱ्याच गावाला गेलं.

म्हणून आदल्या संध्याकाळी ती लिंबाजी आणि तानुबाईच्या दारात गेली. दोघंही ऊसतोड करणारी. कित्येक हंगाम खपून त्यांनी उन्हाळ्यात घर बांधलं होतं. दोन खोल्या, वर स्लॅब, बाहेरून मोरपंखी रंग. तानुबाई अंगण सारवत होती.

"या बाई. उद्या साहेब लोक येणार म्हनं? आमचं घर बगतील का?"

राजेश्रीने एकदाचं सांगूनच टाकलं. "मावशी, उद्या तुम्ही मागच्या कुडाच्या खोपीत बसा. तिथेच राहतो म्हणा."

"तिथं शेळ्या बांधतो की आमी!"

"त्या तेवढ्या उद्याचा दिवस बाहेर काढा."

तंबाखू मळणारा लिंबाजीचा हात थांबला. "बांधल्यालं घर लपवायचं कामून, बाई? चोरीचं हाय का?"

"तसं नाही, काका. पण ते मागासलेलं गाव शोधायला येतात. तुमचं घर बघितलं की आपलं नाव पुन्हा कटतं."

लिंबाजी पुन्हा तंबाखू मळू लागला. तानुबाईच म्हणाली, "गावाचं भलं होत असंल तर बसतो की. एका दिसानं काय झिजायलंय?"

दुसऱ्या दिवशी राजेश्रीने समितीला मागच्या बोळातून नेलं, म्हणजे ते मोरपंखी घर नजरेला पडणार नाही. खोपीत तानुबाई तीन दगडांच्या चुलीपाशी बसली होती. अंगावर फाटकं लुगडं. ते नेसायला राजेश्रीने सांगितलं नव्हतं. तानुबाईने ते आपल्या मनानेच नेसलं होतं. राजेश्रीने नजर दुसरीकडे वळवली.

समितीतल्या मॅडम वाकून आत आल्या. "किती वर्षं राहता इथे?"

तानुबाईने राजेश्रीकडे बघितलं. "लगीन झाल्यापून."

मॅडम कळवळल्या. त्यांनी फोटो काढले, विचारपूस केली आणि म्हणाल्या, "आजी, घोटभर पाणी द्याल?"

"आनते की!" तानुबाई लगबगीने उठली, नव्या घराकडे वळली आणि जागीच थबकली. खोपीत पाण्याचा थेंब नव्हता. राजेश्रीने झटकन पर्समधून बाटली काढली. "मॅडम, हे घ्या. इथलं पाणी..." पुढचं वाक्य तिने मुद्दामच सोडून दिलं. मॅडमनी समजायचं ते समजून घेतलं. तानुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. बाहेर लिंबाजी शेळ्यांचं दावं धरून, पाठ करून उभा होता.

गावाचं नाव निवडीत आलं. मंजुरीची बातमी कळली, तोवर लिंबाजी आणि तानुबाई ऊसतोडीला साखर कारखान्याच्या पट्ट्यात पोचले होते. राजेश्रीने फोन लावला.

"मावशी, केंद्र मंजूर झालं. आता पुढच्या साली कोयता घ्यायला नको."

"लय चांगलं झालं बगा."

"त्या दिवशी मी तुम्हाला... चुकलं माझं, मावशी."

"गरीब म्हनल्याचं काई न्हाई, बाई. हावोतच आमी. पन त्या मॅडम आमच्या दारात आल्या नि बाटलीतलं पानी पिऊन गेल्या. आमचं पानी काय वाईट व्हतं का? ते बरिक मनातून जाईना झालंय."

तेवढ्यात फोनमध्ये मागून लिंबाजीची हाक ऐकू आली. "ठिवते, बाई. टोळी निघायलीय."

फोन बंद झाला. ग्रामपंचायतीच्या दारात लोक हार घेऊन खोळंबले होते. दत्तराव उपसरपंचांनी तिला हाताला धरून पुढे आणलं. हार गळ्यात पडताना राजेश्रीने मान इतकी खाली घातली, की म्हातारी माणसं आपसात म्हणाली, "एवढं करून आनलं, पन पोरीला गर्व कसा तो न्हाई."