देवामागचा कागद

तसबिरीमागचं सिनेमाचं हँडबिल हाताला आलं, पण त्याच्या पाठोपाठ कॅलेंडरचा कागदही उठला, आणि नारायणाचा चेहरा तेवढा काचेवरच राहिला.

मधूने हातातला कागद टेबलावर ठेवला आणि नुसता बघत राहिला. मुकुट जागेवर होता, हार होते, शंखचक्र होतं, शेजारी लक्ष्मी होती. मध्ये चेहऱ्याच्या जागी पांढरी, खरबरीत जागा. त्याने काच उलटी करून बघितली. काचेतून नारायण त्याच्याकडे बघून हसत होता, नेहमीसारखा शांत.

देव फाटला होता. आणि तोही नर्मदाकाकीचा.

नर्मदाकाकी सकाळच्या पहिल्या गाडीने वालावलीहून मालवणला आली होती. ऐंशीची बाई, तसबीर पदरात गुंडाळून तान्ह्या पोरासारखी छातीशी धरलेली. दुकानाच्या पायरीवरच तिने बसकण मारली.

“माकडा कौलांर नाचली रे मधू, नि कौलाचो तुकडो बरोबर देवार पडलो,” ती म्हणाली. “काच फुटली. ती पण नेमकी काल.”

“काचच मां फुटली? बदलून दितंय.”

“उद्या सत्यवानाचा ऑपरेशन आसा. काळजाचा. सून तेच्याबरोबर गोव्याक गेली हा. मी घरात एकटी नि फुड्यात फुटको देव. रातभर डोळ्याक डोळो लागाक नाय.”

सत्यवान तिचा एकुलता एक मुलगा. दर चतुर्थीला मधूच्या दुकानावरून जाताना हाक मारल्याशिवाय पुढे जात नसे. मधूने तसबीर हातात घेतली आणि मोठ्या ऐटीत सांगून टाकलं, “चार वाजता ये काकी. काचेचा काम, तेका कितीसो वेळ लागता?”

“भाचीकडे जेवन येतंय. उद्या सकाळी माका तेच्या फुड्यात दिवो लावूक होयो,” असं बजावून काकी गेली.

वेळ लागतो, हे मधूला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या बापाने, बाबूने, हे दुकान चालवलं तेव्हापासूनचा एक नियम होता. कोकणातल्या दमट हवेत जुनं चित्र काचेला चिकटतं. चिकटलेलं चित्र कधी ओढायचं नाही. वाफ द्यायची, वाट बघायची, आणि तरीही सुटलं नाही तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगून तीच काच ठेवायची. “चिकटलो तर चिकटलो. काच देवाची नि देव काचेचो,” असं बाबू म्हणायचा. मधूने आजवर हा नियम मोडला नव्हता. आज मोडला, आणि तो एका नटीपायी.

गोष्ट अशी की, बाबूच्या काळात फ्रेमच्या पाठीला अस्तर लावायला कोरा कागद परवडत नसे. मग तो रद्दीतून मिळेल ते घाली. तंबूतल्या सिनेमाची हँडबिलं, दंतमंजनाच्या जाहिराती, गाण्यांच्या चोपड्यांची मुखपृष्ठं, केशतेलाच्या बायका, विड्यांच्या बंडलावरची लेबलं. पुढे देव, मागे जाहिरात आणि वर फळी. आता त्या जुन्या तसबिरी दुरुस्तीला आल्या की मधू फळीचे खिळे काढी आणि त्याचा जीव हरखून जाई. साठ-सत्तर वर्षं अंधारात राहिलेले ते रंग! ओठांचा लाल ओठांबाहेर जरासा सांडलेला, आकाश असं निळं की तसं आकाश मालवणात कोणी बघितलेलं नाही, अक्षरं लाटेसारखी वळलेली. एक भुवई वर केलेली नटी आणि खाली गुलाबी कागदावर ‘आजपासून रोज दोन खेळ’. असं काही मिळालं की तो अस्तराला नवा कागद घाली आणि जुना आपल्या खणात ठेवी. कोणाचं काही जात नव्हतं. पाठीमागे काय आहे हे गिऱ्हाइकांना माहीतच नसे. बायको शेवंती म्हणायची, “लोकांका देव फुडसून पावता, तुमका पाठसून.”

आज फळी निघाल्यावर एक कोपरा दिसला. मोरपंखी रंग, त्यावर पिवळ्या अक्षराची शेपटी आणि एका डोळ्याची काजळरेघ. असा रंग त्याच्या खणात नव्हता. त्याने वाफेसाठी पाणी ठेवलं होतं, ते अजून तापलंही नव्हतं. बोटं आपोआप कोपऱ्याकडे गेली.

हँडबिल मात्र अखंड निघालं होतं. नटी झोपाळ्यावर बसलेली, पदर वाऱ्यावर, मागे हातात टोपी घेतलेला नट. एरवी मधू जेवणखाण विसरून ते बघत बसला असता. आता त्याने ते खणात ढकललं आणि खण बंद केला, कोणी बघत असल्यासारखा.

तो घाबरला होता. काकीला तोंड कसं दाखवायचं ही भीती होतीच, पण तिच्या खाली दुसरी होती आणि ती वाईट होती. उद्या तिकडे ऑपरेशनच्या टेबलावर सत्यवानाची छाती उघडणार, आणि आज इथे मधूने त्याच्या घरच्या देवाचं तोंड काढून ठेवलं होतं. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही असं तो चारचौघांत सांगत असे. चारचौघं आता दुकानात नव्हते. उद्या काही वाकडं झालं, तर डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत, मधूला जन्मभर एकच कारण ठाऊक असणार होतं.

फोन वाजला तसा तो दचकला. गोव्याहूनच असणार, त्याच्या मनात आलं, आणि हात फोनपर्यंत जाईना. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला, तेव्हा कुठे त्याने उचलला.

“बांगडे घेवन येतल्यात की नाय?” शेवंती विचारत होती. “मगाशी फोन कित्या उचलूक नाय?”

“येतंय,” तो म्हणाला.

दुकानाला कुलूप लावून पळून जावं असंही मनात येऊन गेलं. पण मालवणात पळून जाणार कुठे? पुढे समुद्र आणि मागे शेवंती. मग त्याला आठवलं, आणि आठवल्याबरोबर जास्तच भीती वाटली, कारण सुटकेची वाट खरोखरच होती. हेच कॅलेंडर त्याच्याकडे होतं. तळेऱ्याच्या एका भंगारवाल्याकडून त्याने ते मागे मिळवलं होतं. तोच लक्ष्मीनारायण, तेच कमळ, आणि खाली पट्टीत साबणाची वडी हातात धरून हसणारी बाई. काकीच्या तसबिरीत ही पट्टी बाबूने चौकटीखाली दडवली होती.

पट्टी कापायला त्याचा हात धजला नाही. त्याने साबणाच्या बाईला मागे घडी घातली, नवी काच बसवली, अस्तराला कोरा खाकी कागद लावला, फळी ठोकली. फुटकी काच आणि फाटका कागद वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलाखाली सरकवला. काम इतकं सफाईदार झालं की त्याला स्वतःचीच किळस आली.

काकी चारच्या आधीच आली. मधूने तसबीर पुढे केली. तिने पदराने काच पुसली, चष्मा वर-खाली केला आणि बघत राहिली. त्याला वाटलं, आता ओळखणार. साठ वर्षं रोज बघितलेला चेहरा, पापणीचा केस इकडचा तिकडे झाला तरी कळेल.

“बरो दिसता,” काकी म्हणाली. “काच नवी, तेच्यान तोंड उजळला तेचा.”

तिने हात जोडले. मधूने सोडलेला श्वास अजून पुरता बाहेर पडायचा होता, तेवढ्यात तिने तसबीर उलटी केली आणि फळीवर टिचकी मारली.

“पाठचो कागद तोच ठेवलंस मां?”

“खंयचो कागद?”

“सिनेमाचो रे.” काकी थोडी लाजली, ऐंशीव्या वर्षी. “लग्नानंतर आमचे माका जत्रेक म्हणान घेवन गेले नि तंबूत सिनेमा दाखवल्यानी. माझो पयलोच. थंयचो कागद मियां चोळयेत लपवन हाडलंय. सासूक कळला असता तर चुलीत घातल्यान असतो, माका पण. मगे आमच्यांनी ही तसबीर तुझ्या बापाशीकडे करूक दिली नि सांगितल्यानी, बाबू, ह्यो कागद देवाच्या पाठी घाल. थंय कोण हात लावचो नाय.” तिने फळीवरून हात फिरवला. “ते गेले. आता रोज हात जोडतंय ते दोघांका. फुडच्याक नि पाठच्याक. माका सोडून ह्या कोणाक ठावक नाय.”

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. खिळे ठोकलेले होते. ती काही फळी काढून बघणार नव्हती. काकी उद्या दिवा लावणार होती, मुलासाठी, एका भंगारातल्या देवापुढे आणि खाकी कागदापुढे, आणि तिला कधीच कळलं नसतं. तेच मधूला सहन होईना. त्याने खण उघडला आणि हँडबिल काढून तिच्यापुढे ठेवलं.

काकी बघत राहिली. मोरपंखी रंग, झोपाळा, पदर. लग्नाच्या वर्षानंतर ती हे प्रथमच बघत होती.

“हिचा लुगडा हिरवा होता असा वाटलेला माका,” ती हळूच म्हणाली. मग मान वर केली. “ह्यो हय कसो?”

मधूने टेबलाखालचं वर्तमानपत्र काढलं, उलगडलं आणि सांगितलं. सगळं. घाई, कोपरा, बोटं, आपलं कॅलेंडर. तो बोलत होता तेव्हा काकीचा चेहरा बघण्याची त्याची छाती झाली नाही, म्हणून तो काचेकडे बघून बोलला.

काकी ओरडली नाही. तिने तो फाटका कागद मांडीवर घेतला आणि मधल्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं. मग तिने विचारलं.

“एकदम तोंड? उद्या झिलाचा ऑपरेशन नि आज देवाचा तोंड?”

“काकी, माझा चुकला.”

“खंय आसा ता तोंड?”

त्याने काच उचलून तिच्यापुढे धरली. कोपऱ्यातून निघालेली तड खांद्यापर्यंत येऊन थांबली होती. चेहरा शाबूत होता.

“हीच काच बसव.”

“फुटकी आसा ती.”

“फुटकी आसांदे. तोंड तेच्यार आसा मां?” काकी म्हणाली. “तुझो देव तुका ऱ्हवांदे. मियां सत्यवानाक मागलंय ता ह्याच्याकडे. दुसऱ्याक काय माहीत?”

मधूने खिळे काढले. आपलं कॅलेंडर बाजूला केलं. काच पालथी ठेवली आणि फाटका कागद तिच्यावर इंच इंच सरकवत आणला. कपाळ मुकुटाला लागेपर्यंत त्याने श्वास घेतला नाही. उलटून बघितलं, तर नारायण आपल्या जागी आला होता. हनुवटीखाली एक बारीक पांढरी रेघ तेवढी राहिली, जानव्याच्या दोऱ्याएवढी.

मग हँडबिल. ते हातात घेऊन तो थांबला. काकीने त्याच्याकडे बघितलं.

“बघून घी वायच,” ती म्हणाली. “परत कोण बघतलो?”

त्याने बघून घेतलं. ओठांबाहेर सांडलेला लाल, टोपीची कड, अक्षराची शेपटी. मग ते देवाच्या पाठीला लावलं, वर फळी ठेवली आणि खिळे ठोकले, हलक्या हाताने, काच हलू नये म्हणून. शेवटचा खिळा बसला तशी काकी उठून उभी राहिली.

“गाऱ्हाणा घाल.”

“मी?”

“घरात पुरुष माणूस कोण आसा? एक वरती गेलो नि एक हॉस्पिटलात. तू घाल. मी व्हय म्हणतंय.”

मधूने तसबीर टेबलावर उभी केली. पायातल्या चपला काढल्या. गावच्या देवळात मानकरी गाऱ्हाणं घालतात तेव्हा तो नेहमी मागच्या गर्दीतला एक असे, सगळ्यांबरोबर ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारा. एकट्याने देवाशी बोलायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती.

“बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा.”

“आज ही नर्मदा तुझ्या पायांकडे इली हा. तिच्या झिलाचा, सत्यवानाचा, उद्या काळजाचा काम आसा. डॉक्टरांच्या हाताक यश दी, नि तेका सुखरूप वालावलीक हाड रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“नि माझ्या हातसून...” त्याची नजर खणाकडे गेली. “माझ्या हातसून, हव्यासापायी, जा काय चुकला आसात, तेची शिक्षा माका दी. तिच्या झिलाक नको. ता पोटात घाल रे म्हाराजा.”

बाहेरून एक रिक्षा गेली, तिचा आवाज बंदराकडे विरत गेला. मधू डोळे मिटून, हात जोडून तसाच उभा राहिला. गाऱ्हाण्याला उत्तर आल्याशिवाय हात खाली आणता येत नाहीत.

“व्हय म्हाराजा,” काकी म्हणाली.

तिने तसबीर कागदात गुंडाळू दिली नाही. पदराखाली घेतली, छातीशी धरली आणि गाडीच्या वाटेला लागली. मधूने फोन टेबलावर ठेवला, डोळ्यांसमोर, उद्याचा निरोप जणू आत्ताच यायचा होता. शेजारी त्याचं कॅलेंडर पडलं होतं. साबणाची बाई पाठीमागे दुमडलेलीच होती, पण तिला उलगडून बघायला त्याने हात पुढे केला नाही.